गालिच्यावर नेलपॉलिश सांडलंय, डाग कसा काढू?

मृगजळ

मंडळी, तातडीचा प्रश्न आहे. दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला फिकट राखाडी गालिचा आहे. त्यावर लालभडक नेलपॉलिशची जवळजवळ भरलेली बाटली आडवी झाली. बहीण नखं रंगवत होती, बाटली पुस्तकावर ठेवली होती आणि पुस्तक सरकलं. डाग तळहाताएवढा आहे. मधला भाग अजून ओला, कडा वाळायला लागल्यात.

एकजण म्हणतो पाणी ओता, दुसरा म्हणतो रिमूव्हर ओता, तिसरा म्हणतो केसांचा स्प्रे मारा. रिमूव्हरने गालिचाच विरघळतो असंही कुठेतरी वाचलं. खरं काय? गालिचा कशाचा आहे ते माहीत नाही, लेबल केव्हाच गेलं. अजून काहीच केलेलं नाही, फक्त वर टिश्यू पेपर पसरलाय.

खवचट_खारुताई

चोळू नका. जाणकार येतीलच, तोवर फक्त चोळू नका. बहिणीला झापायचं काम डाग निघाल्यावर.

गालिचेवाला

गालिचे-सोफे धुण्याचाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टिश्यू आधी उचला. वाळत्या पॉलिशमध्ये तो चिकटला की रंगाबरोबर कागदाचे कपटेही वेचत बसावं लागतं. आता एक बोथट चमचा घ्या आणि ओलं पॉलिश कडेकडून मध्याकडे ओढत उचला. मधून बाहेर नाही, नाहीतर तळहाताचं ताट होईल. प्रत्येक वेळी चमचा पुसा. दाब देऊ नका. रंग अजून लवीच्या शेंड्यांवर आहे तोवर तुमचं काम सोपं आहे, दाबलात की तो मुळापर्यंत गेला.

चमच्याला येईल तेवढं आलं की जुन्या पांढऱ्या सुती कापडाची घडी करून वरून टिपा. कापड ठेवायचं, हलकेच दाबायचं, सरळ वर उचलायचं. पुढच्या वेळी कापडाची कोरी बाजू. रंगीत फडकं घेऊ नका, द्रावक लागल्यावर फडक्याचाच रंग गालिच्यावर उतरतो.

पाणी सध्या नको. नेहमीचं नेलपॉलिश पाण्यात विरघळत नाही. उलट पाणी लागलं की ते फुटून दोऱ्यांना घट्ट बसतं.

रिमूव्हरबद्दल सांगतो, पण त्याआधी तीन गोष्टी कळवा. लव कापलेली आहे की छोट्या छोट्या फासांची? पॉलिश साधं की दिव्याखाली वाळवतात ते जेलचं? आणि घरात रिमूव्हर आहे त्याच्या बाटलीवर काय लिहिलंय?

आजीचा_बटवा

टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने घासा, वरून व्हिनेगर आणि खायचा सोडा. फेस येतो आणि डाग वर येतो. आमच्याकडे सगळे डाग असेच जातात.

रसायनवेडा

काकू, चहाचे-भाजीचे डाग जात असतील, पण हे प्रकरण वेगळं आहे.

नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज, सोबत राळ आणि प्लॅस्टिसायझर (पापुद्र्याला लवचीक ठेवणारं द्रव्य), हे सगळं एथिल ॲसिटेट आणि ब्यूटिल ॲसिटेटमध्ये विरघळवलेलं, आणि त्यात रंगद्रव्य. ते वाळतं म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं आणि पातळ पापुद्रा मागे राहतो. इथे रासायनिक बदल होत नाही. त्यामुळे योग्य द्रावक पुन्हा दिलं की पापुद्रा परत पातळ होतो, अगदी महिन्यांनीसुद्धा. साध्या नेलपॉलिशच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे.

व्हिनेगर म्हणजे पाणी आणि थोडं ॲसिटिक आम्ल. त्याने नायट्रोसेल्युलोजला काही होत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की कार्बन डायऑक्साइडचा फेस होतो, उरतं ते बरंचसं पाणी आणि सोडियम ॲसिटेट. फेस दिसायला छान, काम शून्य. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात, ते लव विस्कटतात आणि पांढरी भुकटी खाली जाऊन बसते.

आजीचा_बटवा

बरं बाबा, सोडा राहिला. पण केसांच्या स्प्रेने निघालेलं मी स्वतः पाहिलंय, ते कसं?

रसायनवेडा

निघालं असेल. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं आणि पॉलिश अजून ओलं असेल तर अल्कोहोलने ते सैल होतं. पण त्याच स्प्रेमध्ये केस जागच्या जागी धरून ठेवणारा चिकट पॉलिमरही असतो. तो गालिच्यावर राहतो आणि नंतर त्यावर धूळ बसते. मग अल्कोहोलच हवं असेल तर सरळ आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिट घ्यावं, मधल्या दलालाची गरज काय? ॲसिटोनपेक्षा ते सौम्य आहे, हळू चालतं. ओल्या डागावर बरं, वाळलेल्यावर जीव काढतं.

मृगजळ

चमच्याने बरंच आलं! कापडाने टिपलंही. आता ओलं काही उरलं नाही, लाल चट्टा आहे आणि हाताला खरखरीत लागतोय.

लव कापलेली आहे, फास नाहीत. पॉलिश साधं. रिमूव्हर गुलाबी रंगाचं आहे, बाटलीवर ॲसिटोन लिहिलंय, शिवाय 'तेलयुक्त, नखांना पोषण' वगैरे.

गालिचेवाला

ती गुलाबी बाटली नखांसाठीच ठेवा. फिकट गालिच्यावर गुलाबी द्रव नकोच, आणि तेल तर त्याहून नको. तेल उडून जात नाही. आज डाग गेलेला दिसेल आणि काही आठवड्यांनी तिथेच काळपट गोल उमटेल, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या पायांची धूळ तेलाला धरून बसते. बिनरंगी, बिनवासाचं, बिनतेलाचं साधं ॲसिटोन आणा. नाहीतर 'ॲसिटोनविरहित' लिहिलेलं बिनरंगी रिमूव्हर, त्यात बहुतेकदा एथिल ॲसिटेट असतं.

पण कुठलंही द्रावक लावण्याआधी गालिचा कशाचा आहे ते काढायला हवं.

रसायनवेडा

ते घरच्या घरी होतं. कपाटामागच्या किंवा दाराआडच्या कोपऱ्यातून लवीचे चार-पाच तंतू कात्रीने कापा. वाटीत पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. तंतू बोटाने पाण्याखाली दाबून चिमटा, म्हणजे अडकलेले हवेचे बुडबुडे निघतील. मग सोडा.

वर आले आणि तरंगत राहिले तर पॉलिप्रोपिलिन. त्याची घनता सुमारे ०.९१, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. नायलॉन सुमारे १.१४ आणि पॉलिएस्टर सुमारे १.३८, ते बुडतात. लोकरही बुडते. बुडबुडे काढायला विसरलात तर सगळंच तरंगतं आणि निष्कर्ष चुकतो, म्हणून साबणाचा थेंब.

बुडाले तर एक तंतू चिमट्यात धरून मोरीत काडीने पेटवा. केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख असेल तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. हे द्रावकाची बाटली घरात उघडण्याआधी करायचं, नंतर नाही.

मृगजळ

तरंगले! दोनदा बुडवून पाहिलं, दोन्ही वेळा वर आले. म्हणजे पॉलिप्रोपिलिन?

रसायनवेडा

अभिनंदन, नशीबवान आहात. पॉलिप्रोपिलिनला नेहमीच्या तापमानाला ॲसिटोनने काही होत नाही. आणि या धाग्याला नंतर रंगवणं अवघड असतं, म्हणून रंग सहसा धागा ओढण्याआधी वितळलेल्या प्लॅस्टिकमध्येच मिसळतात. म्हणजे रंग धाग्याच्या पोटात असतो, वरवर नाही. तो उतरण्याची भीती फार कमी.

'गालिचा विरघळतो' हे वाचलंत ते अगदीच खोटं नाही. सेल्युलोज ॲसिटेट हा कृत्रिम धागा ॲसिटोनमध्ये विरघळतो, ट्रायॲसिटेट आणि मॉडॅक्रिलिक हे धागेही धोक्यात असतात. गालिच्यात हे क्वचित भेटतात, पण पडद्यांत, कपड्यांच्या अस्तरात, उशांच्या झालरीत भेटतात. त्यामुळे काम करताना अंगावर साधे सुती कपडे असू द्या. आणि चष्मा असेल तर सांभाळा, बऱ्याच फ्रेम सेल्युलोज ॲसिटेटच्याच असतात. ॲसिटोनचं बोट लागलं की चकाकी गेली.

गालिचेवाला

धागा वाचला, पण पाठीचं काय? हे कुणी सांगत नाही. अशा गालिच्याची लव एका जाळीदार कापडात ओवलेली असते आणि खालून लॅटेक्सच्या थराने ती धरून दुसरं कापड चिकटवलेलं असतं. ॲसिटोन वरून ओतलं की ते थेट त्या लॅटेक्सपर्यंत जातं आणि त्याला मऊ करतं. मग लव सुटते, गालिच्याला फुगा येतो. डाग गेला आणि गालिचाही गेला असं होतं. म्हणून द्रावक कापडावर घ्यायचं, गालिच्यावर ओतायचं नाही. बाटलीचं तोंड गालिच्याच्या वर आणूच नका.

तरीही आधी लपलेल्या कोपऱ्यात चाचणी घ्या. पांढऱ्या कापडावर थोडं ॲसिटोन, तिथे मिनिटभर दाबून धरा. कापडावर रंग आला का, तंतू चिकट किंवा कडक झाले का बघा. वाळू द्या, पुन्हा बघा.

आता मूळ काम. दोन कापडं घ्या, एक द्रावकाचं आणि एक कोरडं. द्रावकाचं कापड ओलं हवं, पण पिळलं तर थेंब पडू नये इतकंच. डागाची एक छोटी कड निवडा, नाण्याएवढी. ओलं कापड त्यावर पाच-दहा सेकंद दाबून धरा, उचला, आणि लगेच, अगदी लगेच, कोरडं कापड दाबा. सगळी मेख या 'लगेच'मध्ये आहे. ॲसिटोन इतक्या भरभर उडतं की तुम्ही कापड शोधेपर्यंत सुटलेला रंग पुन्हा दोऱ्यावर वाळून बसतो, फक्त आता जरा मोठ्या जागेत. लोक म्हणतात 'रिमूव्हरने डाग पसरला', ते हेच. रिमूव्हर बरोबर असतं, टिपायला उशीर झालेला असतो.

कोरड्या कापडावर लाल ठसा उमटेल. दुसऱ्या खेपेला कोरी घडी. ठसा फिका होत होत जवळजवळ दिसेनासा झाला की शेजारचं नाणं. बाहेरून आत. तासभर धरून चाला, एका बैठकीत उरकायची घाई नको. लवीच्या मुळाशी अडकलेला रंग बोटांत कापड गुंडाळून तंतूंच्या दिशेने, खालून वर चिमटीत ओढला तर निघतो. आडवं घासायचं नाही.

दोरा_सुई

हे 'चिमटीत ओढणं' महत्त्वाचं आहे. नुसतं वरून टिपलं तर शेंडे स्वच्छ दिसतात आणि लव फाकवली की आत लाल बुंधे तसेच असतात. टॉर्च तिरका धरून बघा, लगेच कळतं.

चौकोनी_वर्तुळ

सुरक्षिततेबद्दल कुणी बोललंच नाही अजून. ॲसिटोन ५६ अंश सेल्सियसला उकळतं, पण त्याची वाफ पेट घेऊ शकेल इतपत तयार व्हायला उणे २० अंशांच्या आसपासचं तापमानही पुरतं. म्हणजे घरात ते कायमच पेट घेण्याच्या अवस्थेत असतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि तुम्ही तर गुडघे टेकून जमिनीवरच बसणार आहात. खिडक्या-दारं उघडा. गॅस, हीटर, सिगारेट, मेणबत्ती सगळं बंद. लहान मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. वापरलेली कापडं उघड्यावर वाळवून मग टाका, बंद डब्यात गोळा करून ठेवू नका.

आणि वास असेपर्यंत व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. आतल्या मोटरची ठिणगी पुरते.

दोरा_सुई

शेजारच्या टेबलाचे पायही झाका. लाखेचं पॉलिश, वार्निश, प्लॅस्टिकचा रिमोट, सगळ्यावर ॲसिटोनचे ठिपके पडतात. ते डाग मग या धाग्यात नाही निघायचे.

खवचट_खारुताई

त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल. काढणार कोण ते ठरवा.

मृगजळ

लाल रंग जवळजवळ गेला!! लवीचे बुंधेही तपासले टॉर्चने. पण दोन गोष्टी राहिल्यात. एक, त्या जागी फिकट गुलाबी छटा आहे, दिवसाउजेडी दिसते. दोन, तिथला भाग बाकीच्यापेक्षा ताठ लागतोय. वास पूर्ण गेलाय.

गालिचेवाला

ताठरपणा म्हणजे पॉलिशची राळ थोडी उरली आहे, पातळ होऊन पसरलेली. अजून एक-दोन फेऱ्या ॲसिटोनच्या, कोरड्या कापडावर काहीच येईनासं होईपर्यंत. मग तासभर वाळू द्या. त्यानंतर कपभर कोमट पाण्यात पाव चमचा भांड्यांचं लिक्विड, कापड त्यात बुडवून पिळून टिपा. जास्त साबण घालायचा मोह आवरा, उरलेला साबणही धूळ धरतो. शेवटी साध्या पाण्याच्या कापडाने दोन-तीनदा साबण काढा.

गुलाबी छटा मात्र वेगळी. पापुद्रा गेला तरी रंगाचा अंश राहतो, लाल आणि गडद छटांमध्ये जास्त. त्यावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, औषधाच्या दुकानात मिळतं तेच. तुमचा गालिचा पॉलिप्रोपिलिनचा आहे म्हणून सांगतोय, सगळ्यांना नाही. आधी कोपऱ्यात चाचणी. मग कापडावर घेऊन छटा ओलसर करा, अर्धा तास ठेवा, टिपा, पाण्याने पुसा. एकदा पुरलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

रसायनवेडा

इथे ठळक अक्षरात एक वाक्य: ॲसिटोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिळून स्फोटक पेरॉक्साइड संयुगं बनू शकतात, आम्ल असेल तर आणखी सहज. म्हणजे वर सुचवलेलं व्हिनेगरही या वेळी लांबच. ॲसिटोन पूर्ण उडून गेलेलं, जागा साबण-पाण्याने पुसून वाळलेली, कापडं नवी, मगच पेरॉक्साइड. एकाच वाटीत तर कधीच नाही.

तसंच कपड्यांचं क्लोरीन ब्लीच. ते ॲसिटोनशी मिळालं तर क्लोरोफॉर्म तयार होतो. शिवाय ब्लीचने लोकर खाल्ली जाते आणि नायलॉनचा रंग जातो. ब्लीचचं या कामात काही काम नाही.

मृगजळ

समजलं. आज नुसतं साबण-पाणी आणि वाळवण. पेरॉक्साइड उद्या.

गालिचेवाला

रात्री झोपताना ओलसर जागेवर कोऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवा आणि वर वजन, जाड पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. नाहीतर खाली मुरलेलं पाणी वाळताना उरलासुरला रंग लवीच्या शेंड्याकडे ओढून आणतं आणि सकाळी 'डाग परत आला' म्हणून फोन येतात. आमच्या धंद्यातल्या अर्ध्या तक्रारी याच असतात. टॉवेल ठेवला की ते पाणी गालिच्याच्या शेंड्यावर थांबायच्या ऐवजी टॉवेलमध्ये जातं.

पिंपळपार

धागा हायजॅक करतोय, माफी. माझ्याकडे लोकरीचा हाताने विणलेला गालिचा आहे, सुटा. त्यावर जुना वाळलेला डाग आहे, जांभळा, बोटाच्या पेराएवढा. वरचं सगळं लागू होईल का?

गालिचेवाला

थोडं लागू, थोडं अजिबात नाही.

आधी कोरडं काम. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचा तुकडा घालून डागावर धरा. पापुद्रा कडक-ठिसूळ होतो, मग नखाने किंवा चमच्याच्या कडेने टिचक्या मारत तोडा. बराच तुकड्या-तुकड्यांत निघतो आणि तेवढं द्रावक कमी लागतं. ते तुकडे लगेच उचला.

लोकर ॲसिटोनने विरघळत नाही, पण लोकरीचा रंग उतरू शकतो, म्हणून प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी घ्या. लाल आणि गडद निळ्यावर विशेष लक्ष. सुट्या गालिच्याचा फायदा असा की तो उलटा करता येतो. डाग खाली, त्याखाली पांढऱ्या कापडाची जाड घडी, आणि पाठीकडून थोडं थोडं द्रावक टिपत लावा. रंग आला त्या वाटेने परत जातो, लवीतून आणखी आत जात नाही. पाठीला लॅटेक्स लावलेला असेल तर मात्र हे करू नका. गाठी उघड्या दिसत असतील तरच.

पेरॉक्साइड आणि कपड्यांची पावडर लोकरीवर नको. पावडर अल्कधर्मी असते, आणि जैविक विकरांच्या पावडरीत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. लोकर हे प्रथिनच आहे. लोकरीचा खास सौम्य साबण घ्या, पाणी थंड.

आणि त्यात रेशमाचे दोरे असतील, किंवा गालिचा जुना-मौल्यवान असेल, तर हात लावू नका. धुणाऱ्या माणसाला दाखवा. मी गिऱ्हाईक शोधतोय असं समजू नका.

खवचट_खारुताई

शोधतोय असंच वाटलं, पण सल्ला बरोबर आहे.

शेवाळ

'रेशमासारखा' म्हणून विकला गेलेला, पण तरंगत नाही, जाळल्यावर कागदासारखा वास. हे काय असतं?

रसायनवेडा

बहुधा व्हिस्कोज. पुनर्निर्मित सेल्युलोज आहे, म्हणून कागदाचा वास. ॲसिटोनला घाबरत नाही, पण पाण्याला घाबरतो. ओला झाला की धाग्याची ताकद बरीच घटते, लव चपटी पडते आणि वाळल्यावर पिवळट पाण्याचा डाग राहतो. द्रावकाने पापुद्रा काढा आणि तिथेच थांबा. साबण-पाण्याचा टप्पा तुम्हाला नाही. तागाचंही तसंच.

नखशिखांत

नखं रंगवायचं काम करते. वर 'साधं पॉलिश' सगळे गृहीत धरताय, पण आजकाल घरोघरी जेलचे संच आहेत आणि ते सांडलं तर वरची अर्धी पद्धत उलटी पडते.

जेल वाळत नाही, ते अतिनील किंवा एलईडी दिव्याच्या प्रकाशात जुळतं. ॲक्रिलेटच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि एकदा गुंतल्या की विरघळत नाहीत. नखांवरही ॲसिटोनने जेल विरघळत नाही, फुगतं आणि सुटतं, मग खरवडतो आम्ही. गालिच्याच्या दोऱ्यातून ते कसं खरवडणार?

म्हणून जेल सांडलं की पहिलं काम, दिवा बंद. दुसरं काम, पडदे ओढा. खिडकीतून येणारं ऊनसुद्धा ते हळूहळू घट्ट करतं. अंधुक खोलीत ते तासन्तास ओलंच राहतं, त्यामुळे घाई नाही, निवांत चमच्याने उचला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन टिपत राहा, कापड चिकट लागेनासं होईपर्यंत. सगळं निघाल्याची खात्री झाली की मगच पडदे उघडा.

आणि हातमोजे घाला, नायट्राइलचे. कच्चं जेल त्वचेला वारंवार लागलं तर ॲक्रिलेटची ॲलर्जी होते आणि ती आयुष्यभर पाठ सोडत नाही. आमच्या धंद्यात हे खूप पाहिलंय. दात भरताना वापरतात त्या द्रव्यांतही त्याच कुळातली रसायनं असतात, म्हणजे त्रास नखांपुरता राहत नाही.

मृगजळ

हे फारच उपयोगी. बहिणीकडे जेलचाही संच आहे. तो आता बाथरूममध्ये हलवलाय.

चौकोनी_वर्तुळ

आणि जेल घट्ट झालेलंच असेल तर?

नखशिखांत

मग द्रावकाचा नाद सोडा. ॲसिटोनचं ओलं कापड थोडा वेळ ठेवून फुगवून तुकडे सुटतात का एकदा पाहा, नाही सुटले तर कात्री.

दोरा_सुई

कात्रीबद्दल. कापलेल्या लवीचा गालिचा असेल तर नखं कापायच्या वाकड्या कात्रीने नुसते शेंडे छाटता येतात. कात्री गालिच्याला समांतर धरायची, टोक वर. एका वेळी केसभर. चार केसभर कापले की खड्डा दिसतोच, म्हणून डाग वरवरचा असेल तरच. फासांच्या गालिच्यात कात्री घालायची नाही. एक फास तुटला की ओळच्या ओळ उसवत जाते.

मोठाच डाग असेल तर ठिगळ. कपाटाखालून डागाएवढा तुकडा कापायचा, डागाचाही तेवढाच कापायचा, खालून दुपदरी टेप. लवीचा कल जुळवा: हात फिरवून बघा, एका दिशेला गुळगुळीत लागते आणि उलट्या दिशेला खरखरीत. कल चुकला तर रंग तोच असूनही ठिगळ उठून दिसतं.

शेवाळ

चमकीवालं पॉलिश?

नखशिखांत

पापुद्रा वरच्यासारखाच विरघळतो, चमकी बहुतेक पॉलिएस्टरची, ती नाही विरघळत. ती सुटी होऊन लवीत पसरते. द्रावक पूर्ण उडाल्यावर चिकटपट्टीने उचला, मग व्हॅक्यूम. उरलेली वर्षभर दिसत राहील, त्याला इलाज नाही.

पिंपळपार

आणि लहान मुलींचं ते सोलून निघणारं पॉलिश? पुतणीने तेही सांडून ठेवलंय, वेगळ्या खोलीत.

नखशिखांत

ते बहुतेक पाण्यावर आधारलेलं असतं, बाटलीवर लिहिलेलं असेल. ओलं असेल तर इथे पाणी-साबणच बरोबर, द्रावक नको. वाळलं असेल तर बर्फ लावून सोलून काढा, बरंचसं एका तुकड्यात येईल.

चौकोनी_वर्तुळ

ऑफिसात चौकोनी टाइलचा गालिचा आहे. तिथे काय? विचारून ठेवतो, जेवणाच्या सुट्टीत तिथे नखं रंगवली जातात.

गालिचेवाला

ते सगळ्यात सोपं. टाइल कोपऱ्यातून उचला, टेबलाखालच्या टाइलशी अदलाबदल करा. साफ करायचीच असेल तर उचलूनच करा, बाहेर हवेशीर जागी. या टाइलची पाठ बऱ्याचदा पीव्हीसीची असते आणि ॲसिटोनने ती मऊ पडून फुगते, म्हणून द्रावक आणखी कमी. परत बसवताना मागचा बाण बघा. सगळ्या टाइलचे बाण ठरावीक दिशेने असतात, तुमचीही त्याच हिशेबाने लावा.

चौकोनी_वर्तुळ

बाण असतो हे आत्ता कळलं. आमच्याकडे निम्म्या उलट्या लागल्यात.